सूनबाईची वाक्यं ह्यांनी वाचली

९ ऑगस्ट
मालिकेच्या ऑडिशनचा टेप पाठवला. यंदाचा पाचवा. रोल सासूचा. फोन इस्त्रीच्या टेबलावर, पोह्यांच्या आणि रव्याच्या डब्यांमध्ये उभा. मागे लेकीची, मनूची निळी चादर, खिळ्याला. मनू हिंजवडीहून निघालेली, पण कंपनीची बस वाकडला अडकली. म्हणून सुनेची वाक्यं वाचायला ह्यांना बसवलं. खडकीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून पहिलंच काम.
मी डोळ्यांत पाणी आणून, "चालती हो या घरातून!" आणि हे चष्मा वर करून, गॅसचा नंबर लावल्यासारखे, "आई. मला. पदरात घ्या."
तीनदा हसू फुटलं. चौथ्यांदा रडूच आलं. तोच पाठवला.

१२ ऑगस्ट
पतपेढीत काउंटरवर असताना फोन. कास्टिंगची रेवा. "मॅम, तुमचा टेप बघून ऑफिसात सगळे अक्षरशः…" मी स्लिपा बाजूला सारल्या.
"…ते मागून वाचणारे सर कोण आहेत?"
घरमालकाचा रोल आहे. खडूस पेन्शनर. चेहऱ्यावर काही न आणता बोलणारा माणूस मिळत नव्हता म्हणे.
"आणि सासू?"
"सासूचं झालंय, मॅम."
समोरच्या बाईंना उगाच दोनदा स्लिप भरायला लावली.

१२, संध्याकाळ
सांगितलं घरी. हे म्हणाले, "मला दुपारी झोप लागते." विषय संपला. मनू हसता हसता सोफ्यावरून घसरली, मग माझ्याकडे बघून उठून बसली.
दोडका केला. ह्यांना आवडत नाही. म्हणूनच केला.

१४ ऑगस्ट
नको म्हणाले याचा आनंद झाला होता. दोन दिवस पुरला. आज भांडी लावताना डोक्यात गेलं. कॉलेजपासून मी ज्या दारावर धडका मारतेय, ते आतून उघडून ह्यांना या बसा म्हणताहेत, आणि हे झोपणार?
"अहो, तुम्ही जाताय."
"तुला वाईट वाटलंय."
"वाटलंय. तरी जा."
पेपर उघडला. मग पेपराआडूनच, "शिकवशील?"
लग्नानंतर ह्या माणसानं पहिल्यांदा मला काही शिकव म्हटलं.

१७ ऑगस्ट
तालीम जोरात. श्वास, विराम, नजर, राग पोटातून कसा काढायचा. कॉलेजच्या एकांकिकेत बक्षीस मिळालं होतं तेव्हाचं सगळं ओतलं. हे मन लावून करतात. भुवया हलू लागल्या!
मनू : "आई, बाबांना बरं नाहीये का?"
तिला काय कळतंय.

२२ ऑगस्ट
शूटिंग. धायरीच्या पुढे एक भाड्याचा बंगला. स्कूटरवरून गेलो, कपडे आपलेच न्यायचे होते. इस्त्री मोडली.
सीन छोटा. भाडेकरू मुलगा बादली घेऊन दारात, घरमालक म्हणतो, "पाणी सकाळी येतं. माणसांनीही सकाळी यावं." ह्यांनी छातीवर हात ठेवला, डोळे मोठे केले, "सकाळी"वर आवाज थरथरवला. कॅमेरावाल्याने डायरेक्टरकडे पाहिलं.
डायरेक्टर मनूच्या वयाचा. "काका, टेपमध्ये होतं तसं करा ना."
"तेव्हा मला येत नव्हतं," हे म्हणाले. अभिमानाने.
टेकवर टेक. दर वेळी थरथर वाढलेली. रेवा फोन कानाला लावून बाहेर गेली, दुसरा कुणी मोकळा आहे का विचारायला. ती सगळी थरथर माझी होती ना. मीच भरलेली.
ह्यांना जनरेटरच्या गाडीमागे नेलं.
"अहो, मी शिकवलं ते विसरा."
"का? चुकलं माझं?"
"तुमचं नाही. माझं इथे…" त्यांची कॉलर सारखी केली. "सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टबद्दल बोलता ना, तसं बोला."
"ते मी मनापासून बोलतो."
"तेच."
पुढच्याच टेकला झालं. लाइटवाला मोठ्यांदा हसला म्हणून परत घ्यावं लागलं. परत तसंच झालं. मी टाळ्या वाजवल्या.
दुपारी शेजारणीचा रोल करणारी बाई आलीच नाही. रेवा म्हणाली, "मॅम, तुमची साडी चालेल. बाल्कनीत कपडे वाळत घालाल? वाक्य नाहीये." घातले. खाली हे भाडेकरूला झापताहेत, संपता संपेना, आणि माझ्या तोंडून गेलंच, "अहो पुरे आता, पोराला घरात तरी येऊ द्या!"
कट. सगळ्यांच्या माना वर.
डायरेक्टर : "हे स्क्रिप्टमध्ये आहे?"
"नाही."
"मग आता आहे."

२५ ऑगस्ट
रेवाचा फोन. शेजारणीचा चेहरा दिसलाय, आता बाई बदलता येत नाही. पुढच्या महिन्यात सलग आठवडाभर यायचं.
"वाक्यं असतील?"
"लिहिताहेत, मॅम. बघू."
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "चल, मी सोडीन तुला. तसंही मला तिकडे काम आहे."
हे बोलताना चेहऱ्यावर काहीही नाही. हसावं की उशी फेकून मारावी? उशी मारली.

२६ ऑगस्ट
रजेचं विचारायला मॅनेजरसाहेबांकडे.
"कारण?"
घरगुती म्हणायला तोंड उघडलं आणि "शूटिंग" म्हणाले.
"कोणाचं?"
"माझं."
साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि ऑडिटला कोण बसणार? तुमची डुप्लिकेट?"
अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. सही नाही. दुपारी मी एका कर्जदाराला चुकून "अॅक्शन" म्हणाले.
सुटायच्या वेळी साहेब टेबलाशी येऊन उभे.
"दुपारची मालिका आहे की रात्रीची?"
"रात्रीची."
"हं."
आत गेले. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग पेनाचं टोपण निघाल्याचा. सही झालेला अर्ज हातात येईपर्यंत मी पर्स खांद्याला लावून तशीच उभी.