पहिल्याच सांगण्यात

प्रिय दादा,

आम्ही आत्याकडे राहायला आलो, एवढंच तुला फोनवर सांगितलं. कसे आलो ते सांगताना मला रडू फुटलं असतं, म्हणून लिहिते आहे.

ऑपरेशननंतर बाबांच्या डोळ्यांना सुईत दोरा ओवणं जमेना. शिवणकाम मंदावलं, भाडं थकलं आणि घर रिकामं करायची नोटीस आली. मागोमाग कोर्टाची तारीखही लागली. मला अक्षरं बाबांनीच शिकवली, शिवणयंत्राशेजारी बसवून, कापडावरच्या खडूने. त्याच बैठकीत शिकवलं की कोणाला दुसऱ्यांदा सांगायला लावू नये. तूही तेच शिकून मोठा झालास. तेव्हा तारखेची वाट कोण बघणार? आम्ही सामान बांधलं.

रिकाम्या घरात बाबा गुडघ्यांवर बसून लोहचुंबक फिरवत होते. फटींतल्या टाचण्या एकेक करून वर येत होत्या. पुढे राहायला येणाऱ्याच्या पायात जायला नको, म्हणाले. शेजारच्या काकू दारातून बघत होत्या. लोक जाताना भिंतीतले खिळेसुद्धा उपटून नेतात आणि हे बघा, टाचण्या वेचतायत, असा टोमणा त्यांनी मारला आणि मग पदर डोळ्यांना लावला. किल्ली बाबांनी स्वतः नेऊन दिली, वर आभार मानले. घरमालकांनी चहा विचारला.

इथे आत्या काही कमी पडू देत नाही, पण यंत्र जिन्याखाली झाकून ठेवलंय. बाबा जिथे शिवायला बसत, जुन्या घराच्या त्या खिडकीला गिऱ्हाइकं ओळखत होती, बाबांना नव्हे. मी तिथे नव्या पत्त्याची पाटी लावली, ती कोणीतरी काढून टाकली. पाटी लावायचा तरी हक्क आहे का, एवढंच विचारायला मी मोफत कायदा सल्ला केंद्रात गेले. तिथल्या वकीलबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "किल्ली मागितली कोणी?"

"कोणी नाही. आम्हीच दिली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. नोटीस म्हणजे नुसतं मागणं. हुकूम द्यायचा तो कोर्टाने, तोही आपलं म्हणणं ऐकून. तारखेला हजर राहिलो असतो, बाबांच्या डोळ्यांचे कागद दाखवले असते, तर मुदत मागता आली असती, थकलेलं भाडं हप्त्यांनी फेडायची परवानगीही. कदाचित मिळाली नसती. पण विचारता आलं असतं. आपणच ताबा सोडला, आता विचारायला फारसं काही उरलं नाही.

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. सांगूही नकोस. तिन्हीसांजेला ते अजून विचारतात, "घर स्वच्छ करून दिलं ना गं आपण?" मी हो म्हणते. त्यांचे खांदे जरा सैल होतात आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने उठते.

दादा, काल वहिनीचा फोन आला होता. बाबांच्या ऑपरेशनसाठी तू कर्ज काढलंस, हे मला तिच्याकडून कळलं. ते थकलं, तुझा पगार कापायचा अर्ज कोर्टात आलाय, आणि साहेबांना कळायच्या आत तू राजीनामा लिहून खिशात ठेवलायस, हेही. मी आज पुन्हा वकीलबाईंकडे जाऊन आले. सगळा पगार कोणी कापू शकत नाही. घर चालण्यापुरता हिस्सा कायदा राखून ठेवतो. हप्ता कमी करून मागता येतो. पण त्यासाठी नोकरी हवी आणि तारखेला तू तिथे उभा हवास. मान खाली घालून उभा राहिलास तरी चालेल, पण जा. खिशातला तो राजीनामा फाडून टाक. बाबांचा शब्द मी कधी मोडला नाही, आज मोडते आहे: एकदा तरी त्या कर्जवाल्यांना दुसऱ्यांदा सांगायला लाव.

तुझंच,
शेंडेफळ