पहिल्या नंबरचं मशीन

३ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

कंबर कशी आहे? वाकून मशीनं खोलू नकोस म्हटलं तर ऐकशील तर शपथ! एक काम आहे, नाही म्हणू नकोस. एका शिलाई मशीन कंपनीचं नाव सर्चमध्ये वर आणायचं काम माझ्याकडे आलंय. जुन्या, विश्वासाच्या साइटने लिंक दिली की नाव वर चढतं. तू अकरा वर्षं मशीनदुरुस्तीची साइट चालवतेस, तुझ्याइतकं विश्वासाचं कोण? दोन ओळी टाक, कंपनी पैसे देईल. हे जमलं तर मी नोकरीत कायम होईन.

लोभ आहेच, तो थोडा वाढव.
तुझा ठोंब्या

१९ मार्च

चि. ठोंब्यास, अ. उ. आ.

कंबर बरी आहे, डोकं दुखतंय, तुझ्यामुळे! न वापरलेल्या मशीनबद्दल मी काय लिहू? म्हणून मागवलं, खोललं. आत दातेरी चाक प्लास्टिकचं! जाड कापडावर आठ दिवसांत दात झिजले. तेच लिहिलं, घेऊ नका म्हणून, आणि कुठलं मशीन ते कळावं म्हणून खाली लिंक दिली. पैसे नकोत. तुझं नुकसान झालं असेल, फार वाईट वाटतंय रे.

राग धरू नकोस.
मावशी

२ एप्रिल

ती. मावशीस, सा. न.

नुकसान कसलं! कंपनी तिसऱ्या पानावरून पहिल्या नंबरावर आली. तू काय लिहिलंस याच्याशी सर्चला देणंघेणं नाही गं, जाणत्या बाईने बोट दाखवलं एवढंच ते बघतं. मी आणखी चाळीस लिंका विकत घेतल्यात, पण सगळ्यांत भारी तुझीच. महिनाअखेरीला कायम झाल्याचं पत्र मिळणार. मला मात्र चैन नाही, जेवता जेवता उठून नंबर बघतो. एवढा महिना लिंक राहू दे, पाया पडतो.

तुझाच,
ठोंब्या

१० एप्रिल

चि. ठोंब्यास, अ. आ.

काल एक शिवणकाम करणारी बाई तेच मशीन घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आली. माझा लेख तिने पाहिलाच नव्हता. पहिलं नाव दिसलं, घेतलं. हॉस्पिटलच्या दीडशे चादरी अर्ध्यावर अडकल्यात, काम हातचं जाणार म्हणून रडत होती. मला तिच्याकडे बघवेना. माझं मशीन तिला दिलं आणि लिंक काढून टाकली. तरी तुझी कंपनी दुसऱ्या नंबरावर आहेच. त्या चाळीस मला काढता येत नाहीत, त्या तू घेतल्यास.

जपून राहा.
मावशी

१८ एप्रिल

ती. मावशीस, सा. न.

चाळीसही जणांना लिंक काढायला लिहिलं. साहेबांना हे मीच सांगितलं, त्यांनी सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. एकोणतीस लिंका निघाल्या. अकरा जण उत्तरच देत नाहीत. त्यांच्या जोरावर आजही कुणीतरी ते मशीन घेतलं असेल, आणि त्याला मी कुठे जाऊन सांगू?

एवढं होऊनही लोभ असू दे.
तुझा ठोंब्या