शेवट दुरुस्त करून मिळतील

३ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ.
आज माझा सिनेमा साफ पडला. माझा म्हणजे मी दाखवलेला. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार वाजता आमचं सिनेमा मंडळ भरतं. चालक, मालक आणि पडदा बांधणारा मीच. चौतीस वर्षं थिएटरात मशीन चालवलंय, प्रेक्षक मला आतून-बाहेरून कळतो.
शेवट काय, तर म्हातारा बसथांब्यावर उभा. बायको बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली, आता येते म्हणून तिची चिठ्ठी आलेली. बस येते, दार उघडतं आणि सिनेमा खलास! उतरली की नाही, कोणाला पत्ता नाही. पडदा पांढरा झाला तरी एक खुर्ची हलली नाही.
माझं शास्त्र असं. शेवट गोड असला की खुर्च्या फटाफट वाजतात, लोक खुशीत घरी पळतात. खुर्च्या गप्प म्हणजे लोक नाराज. हे केबिनमध्ये बसून कानांनी शिकलोय, कुठल्या पुस्तकातून नाही.
हजेरी अठरा. ग्रंथपाल बाईंनी जिन्यातच गाठलं. २४ तारखेला वीस डोकी दिसली नाहीत तर शनिवारचा हॉल कॉम्प्युटर क्लासला जाणार म्हणे.
निश्चय : रडके आणि अर्धवट शेवट बंद.

५ फेब्रुवारी, सोमवार.
शिंप्याच्या दुकानावरून चाललो होतो. आत शिंपी, पोस्टमास्तर (निवृत्त) आणि सिस्टर (त्याही निवृत्त, पण आवाज अजून ड्यूटीवर) जोरजोरात भांडत होते. शिंपी म्हणाला, बसच्या पायरीवर बॅग दिसली, म्हणजे ती उतरतच होती. पोस्टमास्तर म्हणाले, ती बॅग कंडक्टरची. सिस्टर म्हणाल्या, बॅग खड्ड्यात घाला, ती बाई काही उतरायची नाही, लावा पैज.
मी म्हटलं, अहो सिनेमा संपला, सोडा आता. तासभर समजावत बसलो. दोन दिवस झाले तरी बिचाऱ्यांचं दुःख कमी होत नाही!
मी स्वतः अशा गोष्टींचा विचार करत नाही. (कंडक्टरच्या बॅगेला पट्टा असतो. हिला नव्हता. फक्त नोंद म्हणून.)

७ फेब्रुवारी, बुधवार.
जेवताना ही म्हणाली, उतरली नसणार. मी म्हटलं, अगं, चिठ्ठी पाठवून, तिकीट काढून आलेली बाई उतरणार नाही तर काय करील? तर म्हणे, थांबा यायच्या आधी खिडकीतून म्हातारा दिसला असेल ना तिला. मी म्हटलं, मग? ही म्हणाली, मग काय, भाजी घ्या.


१० फेब्रुवारी, शनिवार.
नवीन पर्वाची सुरुवात. आज म्हाताऱ्या नावाड्याचा सिनेमा. मूळ शेवटात तो होडीसकट बुडतो. मी कॉम्प्युटरवर कापाकापी शिकलो, कोणाच्या मदतीशिवाय. पूर्वी कात्री न् चिकटपट्टीने रीळ जोडायचो, त्यापुढे हे म्हणजे पोरखेळ. बुडणं काढून टाकलं आणि सुरुवातीचा, सगळे हसत जेवतात तो प्रसंग उचलून शेवटी डकवला.
एक बारीकशी चूक राहिली. नावाड्याचं कुत्रं मध्यंतराआधी मरतं. माझ्या शेवटात ते टेबलाखाली शेपटी हलवत होतं. शिंपी मागून ओरडला, काका, पंगत स्वर्गात बसली का? हॉल खो-खो हसला. शेवटाला इतकं हसू मी चौतीस वर्षांत ऐकलं नव्हतं.
खुर्च्या फटाफट वाजल्या. शास्त्र सिद्ध! हजेरी चौदा. चार जण आजारी असणार.

११ फेब्रुवारी, रविवार.
रीतसर पाहणी केली. घरोघर जाऊन विचारलं, आपल्या मंडळाचा कुठला सिनेमा लक्षात राहिला? सगळ्यांचं एकच उत्तर : तो बसवाला. आणि कालचा? पोस्टमास्तर डोकं खाजवून म्हणाले, काल होता का काही? हां, ते कुत्र्याचं विनोदी!
निष्कर्ष : जखम ओली आहे, म्हणून विसरत नाहीत. तेव्हा बसवाल्याच सिनेमाचा शेवट दुरुस्त करायचा, म्हणजे एकदाचे मोकळे होतील. मी लोकांसाठी करतोय हे. मला काय, मी विसरलोसुद्धा.

१४ फेब्रुवारी, बुधवार.
योजना पक्की. राहिलेला शॉट आपणच घ्यायचा. सिनेमातल्या बायकोसारखा पांढरा स्कार्फ बांधलेली बाई बसमधून उतरते, बस्स. बाई : ही. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, हिने पहिल्यांदाच काम मागितलं. म्हटलं, नुसती पाठ दिसेल. ही म्हणाली, का, तोंडाला काय झालंय माझ्या?
तोंडही घ्यायचं ठरलं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार.
शूटिंग. हिने अलीकडच्या थांब्यावर चढायचं आणि माझ्यासमोर उतरायचं. पहिल्यांदा ही मागच्या दाराने उतरली, मी मोबाइल पुढच्या दारावर धरून बसलेलो. दुसऱ्यांदा बरोबर दाराने उतरली, पण कोणाचं तरी गुबगुबीत मूल कडेवर घेऊन. आईला उतरायला त्रास होत होता म्हणे. चित्रात मूलच मूल.
तिसऱ्यांदा सगळं जुळून आलं. ऊन तिरपं, हात स्थिर, मोबाइल डोळ्यांसमोर. बस आली. दार उघडलं. ही खिडकीशी बसलेली. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उतर, उतर! पाहत राहिली. दार मिटलं. बस गेली.
चाळीस मिनिटं उभा होतो. चार बसेस आल्या. झोप लागली असेल म्हणावं, तर डोळे उघडे होते. अडीच तासांनी ही घरी आली, वाऱ्याने गाल लाल. विचारलं, अगं झालं काय? स्कार्फ खुंटीला अडकवत म्हणाली, गाडी छान चालली होती.

१७ फेब्रुवारी, शनिवार.
हॉलला रंग, सिनेमा बंद. बरंच झालं, विचार करायला वेळ मिळाला. कसला म्हणजे, एकंदरीत.

१९ फेब्रुवारी, सोमवार.
मी काही बोललो होतो का? गुरुवारी हिच्या चष्म्याला भिंग म्हटलं होतं, पण ते प्रेमाने. आणि मोबाइलच्या मागे माझा चेहरा तिला दिसला तरी होता का? हिला सहज विचारलं, शुक्रवारी बसमध्ये गर्दी होती का गं? म्हणाली, अजिबात नाही.
अजिबात नाही!

२२ फेब्रुवारी, गुरुवार.
काम फत्ते. दुसऱ्या खेपेचा शॉट वापरला, मूल जमेल तेवढं कापलं. फायलींना नावं दिली : ‘शेवट पक्का’, ‘शेवट पक्का नवा’, ‘शेवट एकदम पक्का’. वाचनालयाच्या फळ्यावर लिहिलं : बसथांब्याचा सिनेमा, शेवट दुरुस्त करून. सिस्टर फळ्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, येणार तर, कशी वाट लावलीय ते बघायला. उत्साह चांगला आहे.

२४ फेब्रुवारी, शनिवार.
हजेरी त्रेचाळीस.
चुकीची फाईल जोडली गेली. म्हातारा थांब्यावर उभा, बस येते, दार उघडतं, आणि पुढे पडद्यावर ही. खिडकीत. चार फुटी चेहरा. माझ्याकडे पाहतेय, म्हणजे सगळ्यांकडेच. मागून माझा आवाज : उतर, उतर! बस जाते. मग मी मोबाइल बंद करायला विसरलो होतो, त्यात आलेला रस्ता. मिनिटभर नुसता रिकामा रस्ता.
एक खुर्ची वाजली नाही. म्हटलं, गेला हॉल. ही माझ्या शेजारीच बसलेली, पण तिच्याकडे मान वळवायचं धाडस होईना. हिचा तो चेहरा घरात मी कधी पाहिला नव्हता. की पाहिला होता?
मग सिस्टर उठल्या आणि त्यांनी हिला मिठीच मारली. त्यानंतर जो कल्लोळ! ही उतरायला हवी होती, नको होती, तासभर कोणी हॉल सोडेना. पोस्टमास्तर नाक पुसत म्हणाले, मागची बारा वर्षं कळली हो आता. ग्रंथपाल बाईंनी वर्षभरासाठी हॉल दिला आणि किल्ली हिच्या हातात ठेवली. सिनेमे आता ही निवडणार. खुर्च्या मांडायचं खातं माझ्याकडे.
मी म्हटलंच होतं, शेवट दुरुस्त केला की लोक येतात.

२६ फेब्रुवारी, सोमवार.
रस्त्यात जो तो विचारतो, वहिनी का नाही उतरल्या? मी माहीत असल्यासारखा हसतो. गाल दुखले.
हिने सिस्टरना काहीतरी सांगितलंय, आणि सिस्टरनी शिंप्याला. म्हणून नवी करडी पँट घेऊन दुकानात गेलो. पँट अगदी मापात होती, पण काहीतरी निमित्त हवं. म्हटलं, जरा आखूड करा, आणि काय म्हणता, लोक काय बोलतायत? शिंपी तोंडात टाचण्या धरून माझ्याकडे बघत राहिला. टाचण्या काढून म्हणाला, काका, तुम्हाला खरंच माहीत नाही? मी म्हटलं, मला माहीत आहे, तुम्हाला काय वाटतं ते बघतोय. वाटलंच, असं म्हणून त्याने कात्री उचलली.
चार बोटं गेली. पँटची.

२७ फेब्रुवारी, मंगळवार.
हिने पँट पाहिली. पोट धरून हसली. मग म्हणाली, विचारायचं होतं तर मला विचारायचं.
विचारलं. सरळ विचारलं.
जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, सांगितलं तर विसरून जाल. आणि शनिवारचा सिनेमा निवडायला वाचनालयात निघून गेली.
निश्चय : हा विषय डोक्यातून कायमचा काढून टाकणे. तसाही मी विचार करत नाहीच.
घोट्यांना गार लागतं, तेवढंच.