पाळी बदलताना

आबा, तुमचा धाकटा आयसीयूत आहे. त्याची बायपास झाली. हृदय आधीच कमजोर, त्यात साखर, त्यामुळे धोका मोठा आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. घशात नळी आहे, ती ओढू नये म्हणून हात पलंगाला कापडाने बांधलेत. मी बाहेर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर डोळा ठेवते. हे तुमच्याकडूनच आलं. गोडादऱ्याच्या कारखान्यात लूम, म्हणजे कापड विणायचं यंत्र, ताब्यात घेताना तुम्ही पाळी संपवून जाणाऱ्या कारीगराचा शब्द कधी मानला नाही. तो ‘सगळं बरोबर आहे’ म्हणाला की तुम्ही कापडावर बोटं फिरवायचात आणि तुटलेला धागा त्याच्या नाकासमोर धरायचात. जेवताना आम्हाला सांगायचात, बिघाड लपवतात तो पाळी बदलतानाच. धाकटा तुमच्याच हाताखाली लूमवर उभा राहिला. मला तुम्ही कॉलेजात घातलंत, मी शाळेत शिकवलं, पण मुलांच्या वह्या तपासतानाही माझी नजर तुमचीच होती.

म्हणून आज सकाळी नर्सची पाळी बदलताना मी काचेपाशी उभी राहिले. जाणारी बोलतेय, येणारी मान हलवतेय. लघवीच्या पिशवीकडे दोघींनी पाहिलं आणि आवाज खाली आणला. मी आत शिरले, तर गुजरातीत ‘बेन, बहार बेसो’ म्हणून मला बाहेर काढलं. थोड्या वेळाने डॉक्टर आले. किडनी काम करत नाही, डायलिसिस लावावं लागेल, उशीर केला तर फुफ्फुसात पाणी भरेल आणि ते त्याच्या हृदयाला झेपणार नाही. मी म्हटलं, रात्रीच्या पाळीत काय चुकलं ते आधी सांगा. ते म्हणाले, चुकलं काही नाही, अशा पेशंटचं असं होऊ शकतं, हे आम्ही बोललो होतो. बोलले होते, खरं आहे. पण चुकलेला माणूसही हेच म्हणेल. वहिनी, त्याची बायको, माझ्या शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “आक्का, तुम्ही तपासणी करी ऱ्हायनात, तवलगून यास्नं काय व्हई?”

तोवर त्याचं काय होईल, ते त्यालाच विचारू द्या, तो जागा आहे, असं मी म्हटलं, तेव्हा मला आत सोडलं. नर्सने त्याच्या उजव्या हाताचं कापड सोडलं, मनगट मात्र धरून ठेवलं. मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या संशयासकट. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने तळवा दोनदा पुढे ढकलला. नर्सला वाटलं, तो मला जायला सांगतोय. पण लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे, तेव्हा तुम्ही सगळे हातानेच सांगायचात, आणि ही खूण मी डबा घेऊन यायची तेव्हापासून ओळखते: चालू दे.

डॉक्टरांना मी हो म्हटलं. आता मशीन सुरू आहे. पुढचं कोणी छातीठोकपणे सांगत नाही, आणि सांगितलं तरी मी मानणार नाही. तुम्हाला लिहिलेले हे कागद घडी करून पर्समध्ये ठेवते; तुम्ही आता नाही, त्यामुळे ते कुठे जायचे नाहीत. वहिनीला मी सांगितलं, सगळं नीट विचारून घेतलं, मगच हो म्हटलं. तसं नाही, आबा. त्याच्या हाताकडे बघितल्यावर मला पुढचा एकही प्रश्न सुचला नाही.