रेणूचे दोन ‘जी’

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

रेणूची निवड झाली. रंजीताची नाही!

दोघींचे नमुने एकाच दिवशी गेले होते. दोघी तेरा वर्षांच्या, दोघींना थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी वाशिमला शेजारशेजारच्या खाटांवर रक्त चढवून घेतात. आणि जनुक दुरुस्त करण्याच्या प्रयोगात घेतलं ते रूपलाच्या पोरीला, रेणूला. माझ्या नाही.

रूपलानं वॉर्डात माझे दोन्ही हात धरले. “बाई, पाहा, आता तुमच्या रंजीताचंबी होईन.” मी हसले. गाल दुखेपर्यंत हसले.

५ सप्टेंबर

शिक्षकदिन. मुलींनी गुलाब दिला. आणि बारावीला नेमका तोच धडा!

जनुक कापणारं प्रथिन डीएनएवर वाटेल तिथे बसत नाही. आधी एक छोटी खूण शोधतं — कोणतंही एक अक्षर, त्यापुढे दोन ‘जी’. खूण दिसली तरच थांबतं, धागे उकलतं, सोबतच्या आरएनएशी अक्षरं जुळवून बघतं. नाही दिसली तर पुढे निघून जातं. जनुकातली चूक अगदी शेजारी असली तरी!

मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, “मॅडम, खूण नसलीच तं?”

“तर नाही,” म्हणाले आणि फळा पुसला.

रेणूच्या चुकीजवळ, हव्या त्या अंतरावर, दोन ‘जी’ आहेत. रंजीताच्या चुकीजवळ नाहीत. इतकंच. डॉक्टर फोनवर म्हणाले, “दुसऱ्या खुणा ओळखणारी प्रथिनं येतायत, थोडं थांबा.” थांबा!

१० सप्टेंबर

एम.एस्सी. मी केलं. दोन ‘जी’ अंगठा लावणाऱ्या रूपलाच्या पोरीला.

१४ सप्टेंबर

रंजीता तासभर रेणूशी फोनवर खिदळत होती. मी ओरडले. “आई, तुले काय झालं?”

मत्सर. लिहून टाकला एकदाचा.

२४ सप्टेंबर, बुधवार

वॉर्ड. रूपला संमतीचे कागद घेऊन आली. मंगळवारपर्यंत सही हवी. “रेणूले वाचता येते, पण असलं मराठी समजत नाई. तुमी सांगा बाई. तुमी म्हणाल तसंच करीन.”

वाचलं. केमो द्यावी लागेल. केस जातील. पुढे मूल होईल की नाही, सांगता येत नाही. जिवाला धोका. एकेक ओळ त्या कागदातलीच — खोटं काहीच बोलले नाही! फक्त सावकाश वाचलं. दोनदा वाचलं.

आणि सहाव्या पानासोबत सातवंही उलटलं. सातव्यावर होतं: आधीच्या नऊ जणांपैकी आठ जणांना वर्षभर रक्त लागलेलं नाही.

रूपलाचा चेहरा उतरला. “नको मंग. हाय तशीच राहू द्या पोरगी.” कागद घडी करून पिशवीत घातले.

रंजीता खाटेवर डोळे मिटून पडली होती. झोपली होती ना?

२५ सप्टेंबर

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं! मग ताट तसंच झाकून ठेवलं.

२८ सप्टेंबर, रविवार

रूपलाला खरं सांगायचं ठरवून रिसोडहून तिच्या तांड्याकडे निघाले. रंजीताला म्हटलं, बाजारात जाते. जीपमध्ये पाठ केलं — रूपला, एक पान वाचायचं राहिलं. नाही, मी राहू दिलं. शिरपूरला जीप बदलायची होती. उतरले, उभी राहिले, तांड्याची जीप समोरून भरून गेली. परतीची एसटी धरली.

दोन दिवस उरलेत. रेणूची जागा दुसऱ्या कुणाला जाईल. मलाही मिळणार नाही, तिलाही नाही. मग मला हवं तरी काय होतं?

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी रूपलाचा फोन.

“बाई, आंगठा देल्ला! परवा तुमच्या रंजीतानं फोन केला. रेणूकडून सातवं पान वाचून घेतलं अन् मले नीट समजावून सांगतलं. म्हणे, आईचं घाईत चुकून राह्यलं.”

चुकून, म्हणाली पोरगी.