व्हेनेसाचं रबरी कडं

काळाचौकी,
सोमवार

ती. शिवामामांना अनुजाचा वाकून नमस्कार. (तुमचा गुडघा कसा आहे ते आधीच विचारते, पुढे विसरेन. मामी सांगते ते तेल लावा, तुम्हाला सुचेल ते नको.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या खोलीत एकाने फोन लावला की बाकीचे तिघे उत्तरं देतात. म्हणून पत्र.

येत्या रविवारी आमच्या नेमबाजी क्लबची निवड चाचणी आहे. राज्य स्पर्धेला मुलींमधून एकच नाव जाणार. एक तर माझं, नाही तर परळच्या व्हेनेसाचं. व्हेनेसा माझी जिवाची मैत्रीण, त्यामुळे आम्ही एकमेकींना रोज मनापासून शुभेच्छा देतो आणि मग एकमेकींचे गुण चोरून बघतो. गेल्या महिन्यात तिने रायफलच्या नळीवर चढवायचं एक रबरी कडं मागवलं. गोळी सुटताना नळी थरथरते, कडं ती थरथर पिऊन टाकतं आणि नेम सुधारतो, असं विकणाऱ्याचं म्हणणं. पहिल्याच दिवशी तिचा नेम खरंच सुधारला. मी म्हटलं, एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही. ती म्हणाली, "मग लावून बघ ना! भाव काय खातेस?" पण घरातली पहिली पदवीधर, तीही संख्याशास्त्राची, नुसतं लावून कसं बघेल? मी रीतसर प्रयोग ठरवला. (तुमचं मत मला ठाऊक आहे: "गोळी सुटली की ती आपली नाय, देवाची." तुमच्या ठासणीच्या बंदुकीने बारा वर्षांत बागेत घुसणाऱ्या एकाही माकडाला खरचटलं नाही, त्याअर्थी देव माकडांच्या बाजूने असावा.)

प्रयोग असा. वीस गोळ्या. प्रत्येक गोळीआधी मी डोळे मिटून पाठ फिरवायची, आमचे कोच विल्फ्रेड सर नाणं उडवून कडं लावणार किंवा काढणार, आणि मी गोळी झाडण्याआधी फक्त माझा अंदाज वहीत लिहायचा: आहे किंवा नाही. (नेम धरताना कडं नजरेआड राहतं, दिसत नाही.) निकाल पाहून मी उडालेच. जिथे मी 'आहे' लिहिलं होतं तिथे बहुतेक गोळ्या नऊ-दहाच्या वर्तुळात, 'नाही'च्या सगळ्या भरकटलेल्या. कड्याचा गुण मला हातालाच कळत होता! मी धावत सरांची नोंद मागायला गेले. सरांनी शर्टाच्या खिशातून कडं काढलं. "कंबर धरलीय गो बाय. दर गोळीला कोण वाकणार? इथंच होतं, पहिल्यापासून." मग ते उजेडात धरून म्हणाले, "पण ह्याला हळद कोणी लावली? आणि हे मेण?"

चौकशीत कळलं ते असं. प्रयोगाआधी कडं वजन करायला म्हणून मी घरी आणलं होतं, तेव्हा आईने ते देवापुढे ठेवलं. त्याआधी व्हेनेसाच्या मम्मीने, फ्लोरी आंटीने, ते बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला नेऊन मेणबत्त्यांपाशी ठेवलं होतं. म्हणजे माझ्या शास्त्रीय प्रयोगात दोन देव होते, फक्त कडं नव्हतं. व्हेनेसा पोट धरून हसली. "म्हणजे तू पण कड्याला भुललीस!"

मामा, मी यातून एकच शिकले. थरथर नळीत नव्हती. खेळाडूने स्वतःच्या हातावर विश्वास ठेवावा, रबरावर नाही. रविवारी दोघींनीही कड्याशिवाय खेळायचं, असं आम्ही एकमेकींच्या गळ्याची शपथ घेऊन ठरवलं आहे.

तुमची भाची,
अनुजा

ता. क. पाकिटात जे टणक लागतंय ते कडंच. ते मुंबईत असेपर्यंत शपथेचा भरवसा दोघींनाही नाही. रविवार दुपारपर्यंत ते तुमच्याकडे ठेवा. मी फोन करून रडले तरी पाठवू नका.

आणखी एक. ठेवायचंच आहे, तर गावच्या रवळनाथाच्या पायाशी ठेवा. आणि ठेवलंच आहे, तर गाऱ्हाणंही घाला. त्यात व्हेनेसाचं नाव घ्यायला विसरू नका. पण माझ्यानंतर.