नाकावरचे शिंग न कापण्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
प्राणी-नमुने विभाग,
नगर संग्रहालय.

विषय: तळमजल्यावरील सेराटोसॉरस या प्राण्याचे शिंग कापू नये म्हणून विनंती.
संदर्भ: आपली दि. ३ जूनची नोटीस (माझ्या पत्नीच्या नावे).

महोदय,

मी या संग्रहालयाचा निवृत्त सुतार. आपली नोटीस माझ्या पत्नीला आली आहे. तिने समक्ष हजर राहून खुलासा करावा आणि खाली सही किंवा अंगठा करावा, असे त्यात आहे. ती गेल्या नोव्हेंबरात वारली. हे मी दोनदा लेखी कळवले. दुसऱ्या वेळी आपले कारकून म्हणाले, "ते ठीक आहे, पण मग येणार कधी त्या?" म्हणून हा अर्ज मी करतो आहे.

१. सदर प्राणी आम्ही दोघांनी बावीस वर्षांपूर्वी केला. आतला लाकडी सांगाडा माझा, वरचे प्लास्टर तिचे, म्हणून आपल्या नोंदवहीत नाव तिचे. प्राणी ज्युरासिक काळातला डायनोसॉर, मांस खाणारा आणि नाकावर शिंग असलेला. हे आम्ही मनाने केले नाही. तेव्हाच्या साहेबांनी जाड पुस्तक दिले होते, त्यातल्या हाडांच्या चित्रावरून मापे घेतली.

२. आपल्या तक्त्यात 'शिंगे आहेत' या रकान्यापुढे 'आहार: चारा' असे आधीच छापलेले आहे. याच्या तोंडात सुरीसारखे दात आढळल्याने 'नोंद जुळत नाही' असा शेरा पडला. तक्ता वरून मंजूर होऊन आलेला असल्याने चूक प्राण्याची ठरली. दात तरी काढा नाहीतर शिंग, असा आदेश निघाला. दात अठ्ठावन्न आणि शिंग एक, म्हणून समितीने शिंग निवडले. सोमवारी अकरा वाजता करवत येणार असे कळते.

३. मी भेटायला आलो तेव्हा आपण समजावून सांगितलेत की गाय, म्हैस, शेळी, हरीण, शिंगवाले कोणीच मांस खात नाही. मी घरी जाऊन पुष्कळ विचार केला. मलाही एकही आठवले नाही. पण हा प्राणी या सगळ्यांच्या कोट्यवधी वर्षे आधीचा आहे. त्याला हा नियम कोणी कळवला नसावा.

४. "एका शिंगाचं एवढं काय घेऊन बसलात, बाबा?" असे आपण विचारलेत. त्याचे उत्तर इथे लिहितो. माझी पत्नी ओले प्लास्टर धरले की नाही हे अंगठा दाबून पाहायची आणि मग तो ठसा घासून टाकायची. कामावर डाग नको, हा तिचा हट्ट. शिंग सगळ्यात शेवटी बसवले. आतली खुंटी मी तिरपी ठोकली होती, त्यामुळे ते वाकडे बसले. "अहो, शिंग बसवताय की कोट अडकवायची सोय करताय?" म्हणाली. मीही उलटून बोललो. त्या भांडणात शिंगाच्या मागचा ठसा घासायचा राहिला. तो अजून आहे. शिडीवर चढल्याशिवाय दिसत नाही. तिचे बाकी सगळे काम गुळगुळीत आहे, घरातलेसुद्धा.

५. सबब विनंती, की प्राणी चारा खातो अशी पाटी लावण्यास माझी हरकत नाही. पाटी मी रंगवून देतो. समोर गवताची पेंढी हवी असल्यास तीही आणतो. दातच काढायचे ठरल्यास अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न मी एकटा काढीन. ती असती तर तिने आपल्याला शिडीवर उभे करून एकेक दात मोजायला लावला असता. माझ्यात तेवढा दम नाही. फक्त शिंगाला हात लावू नये.

आपला नम्र, आणि सोमवारी साडेदहापासून शिडी घेऊन दारात उभा असणारा,

(सही)
निवृत्त सुतार
दि. ११ जून

सोबत:
१. आपल्या नोटिशीची प्रत.
२. पत्नीच्या मृत्यूचा दाखला (तिसरी प्रत).
३. पत्नीचा अंगठा. सोबत जोडता येत नाही, कृपया जागेवर पाहावा.